कॉफीसाठी घेतलेला ०.१ ग्रॅमचा वजनकाटा: चार महिन्यांचा अनुभव

घरची कॉफी एक दिवस उत्तम जमायची आणि दुसऱ्या दिवशी पाणचट किंवा कडवट व्हायची. याचे कारण मी बरेच दिवस पुडीत आणि दुधात शोधत होतो. ते चमच्यात होते. चिकमगळूरच्याच दोन कॉफींचा, एक गडद भाजलेली आणि एक हलकी, सपाट केलेला एकेक मोठा चमचा या काट्यावर ठेवला, तेव्हा पहिलीचे वजन ५.१ ग्रॅम भरले आणि दुसरीचे ६.४ ग्रॅम. जास्त भाजलेला दाणा फुगतो, त्यातला ओलावा निघून जातो आणि तो हलका होतो.

हा काटा दोन किलोपर्यंत वजन घेतो, ०.१ ग्रॅमचा फरक दाखवतो आणि त्यात सेकंद मोजण्याचीही सोय आहे. पाण्यासाठी स्वयंपाकघरातला एक ग्रॅमचा काटाही पुरतो. पण १५ ग्रॅम पुडीत एका ग्रॅमची चूक म्हणजे जवळजवळ सात टक्के, आणि ती जिभेला कळते.

कागदी गाळणीसाठी मी १५ ग्रॅम पुडीला २४० ग्रॅम पाणी घेतो. स्पेशालिटी कॉफी असोसिएशनने सांगितलेले लिटरला ५५ ग्रॅमचे प्रमाण याहून थोडे सौम्य आहे. पाणीही वजनानेच घ्यावे, कारण तापलेले पाणी प्रसरण पावते आणि उकळीच्या जवळ आलेल्या २५० मिलिलिटर पाण्याचे वजन २४० ग्रॅमच भरते. गाळणीसकट भांडे काट्यावर ठेवून आकडा शून्य करायचा, आधी ४५ ग्रॅम पाणी ओतून पूड फुगू द्यायची आणि अर्ध्या मिनिटाने उरलेले पाणी सावकाश सोडायचे. पेल्यात साधारण २१० ग्रॅम कॉफी उतरते, कारण पूड आपल्या वजनाच्या सुमारे दुप्पट पाणी धरून ठेवते. हे लक्षात आल्यापासून पाहुणे आले तरी पाण्याचा अंदाज चुकत नाही.

दोष आहेत, आणि ते रोज जाणवतात. सगळे पाणी ओतून झाल्यावर कॉफी खाली निथळत असते, तेव्हा एकूण वजन बदलत नाही. काट्याला वाटते की काम संपले, आणि तो दोन मिनिटांत बंद पडून वेळेचा आकडाही पुसून टाकतो. शून्यावर असताना पूड चिमटीचिमटीने टाकली तर पहिले काही कण तो मोजतच नाही, म्हणून निम्मी पूड एकदम टाकून मग उरलेली वाढवत न्यावी. तापलेले भांडे थेट ठेवल्यास आकडा हळूहळू सरकतो. मी खाली बुचाची चकती ठेवतो आणि ती ठेवूनच शून्य करतो.

स्टीलच्या फिल्टरमध्ये एकाच डब्यातली चिकोरी (एका झाडाचे भाजलेले मूळ) मिसळलेली कॉफीची पूड वापरणाऱ्यांना साधा काटा पुरेल. दाणे बदलून पाहणाऱ्यांनी मात्र ०.१ ग्रॅमचाच घ्यावा आणि घेण्यापूर्वी दुकानात तो चालू करून, हात न लावता किती वेळाने बंद होतो ते घड्याळ लावून पाहावे.