केली की रोश?

आयर्लंडच्या या दोन सायकलपटूंत श्रेष्ठ कोण? एकाच वर्षाचा हिशेब मांडला तर स्टीफन रोशला तोड नाही. १९८७ मध्ये जिरो (इटलीची मोठी शर्यत), टूर दी फ्रान्स आणि जागतिक अजिंक्यपद, तिन्ही त्याचंच. टूर तर अवघ्या ४० सेकंदांनी. पण गुडघ्याने दगा दिला आणि तो बहर पुन्हा आला नाही.

शॉन केली वर्षानुवर्षं टिकला, म्हणून आमचं माप त्याच्याकडे झुकतं. पॅरिस-नीस ही अनेक दिवसांची शर्यत १९८२ ते १९८८ सलग सात वेळा, पॅरिस-रूबे ही एकदिवसीय शर्यत दोनदा, १९८८ची व्हुएल्टा, म्हणजे स्पेनची मोठी शर्यत. १९९२च्या मिलान-सान रेमो शर्यतीत इटलीचा आर्जेंतीन शेवटाजवळच्या पोज्जोच्या चढावर निसटला होता. केलीने उतारावर जिवावर उदार होऊन त्याला गाठलं आणि स्प्रिंटमध्ये मागे टाकलं. तेव्हा वय ३५! उंच घाटांत मात्र रोशच सरस. आणि बेल्जियमची फ्लँडर्स शर्यत केलीला कधीच मिळाली नाही, तीनदा दुसरा.