पद्मिनीचं पुढचं चाक सरळ केलं, त्यानंतरचे दहा महिने

गेल्या वर्षी गणपतीच्या तोंडावर डाव्या पुढच्या टायरवरून सहज हात फिरवला. एका दिशेने गुळगुळीत, उलट दिशेने करवतीच्या दात्यांसारखं चरचरीत. टायर जेमतेम चार हजार किलोमीटर चाललेला. गाडी बाबांची, 1986ची प्रीमियर पद्मिनी, 1089 सीसीची, आणि ती आम्ही गुहागरात रोज वापरतो.

त्याआधी वर्षभरात तीन वेळा मशीनवर अलाइनमेंट, म्हणजे चाकांचे कोन जुळवणं, करून झाली होती. दर वेळी सगळे आकडे बरोबर असलेली छापील पावती मिळायची आणि पंधरा दिवसांत शृंगारतळीच्या पुढे गाडी पुन्हा डावीकडे ओढायची. याचं कारण चिपळूणच्या एका जुन्या मिस्त्रींनी दोन मिनिटांत सांगितलं. म्हणाले, "अहो, सांधेच ढिले आहेत. उभ्या गाडीचं मोजताय, धावत्या गाडीचं चाक भलतीकडेच बघतंय. आधी सांधे घट्ट करा, मग चाक सरळ करा."

त्यांनी दाखवलेली तपासणी घरी कोणालाही जमेल. खालच्या आर्मखाली (चाक गाडीला जोडणारा दांडा) जॅक लावून चाक उचला, घोडीचा (लोखंडी स्टँडचा) आधार द्या आणि चाक वर-खाली, म्हणजे घड्याळातल्या बारा आणि सहाच्या जागी, धरून हलवा. खटखट आली तर घरातल्या कोणाला तरी ब्रेक दाबून धरायला सांगा. ब्रेक दाबल्यावर खटखट थांबली तर दोष हबच्या बेअरिंगचा. तरीही राहिली तर बहुधा किंगपिनचा, म्हणजे ज्या उभ्या खिळीवर पुढचं चाक डावी-उजवीकडे वळतं तिचा. मग तीन आणि नऊच्या जागी धरून हलवा. तिथला प्ले (ढिलेपणा) टायरॉड एंड, आयडलर किंवा स्टिअरिंग बॉक्स या स्टिअरिंगच्या सांध्यांकडून येतो. आमच्याकडे बायकोने ब्रेक दाबला, तरी डावं चाक बोटभर हलत होतं.

किंगपिन काढली तेव्हा तिच्या एका अंगाला चंद्रकोरीसारखा चकचकीत घासलेला पट्टा होता आणि वरच्या बुशात (पिन ज्यात फिरते त्या नळीत) ग्रीसच्या जागी विटकरी भुकटी. ग्रीस भरायचा वरचा निपल गंजाने बंद झालेला. मी दर तीन महिन्यांनी ग्रीस मारत होतो, ते आत जातच नव्हतं. आमचं दापोलीला जाणं-येणं धोपावे-दाभोळ फेरीबोटीने. ओहोटीला उतारावर खारं पाणी गाडीच्या पोटावर उडतं, शिवाय समुद्राची हवा बारा महिने आहेच.

नवा संच घेताना पहिला स्वस्तातला आणला, तो परत केला. पिन बुशात खडखडत होती. दुसऱ्या संचातले बुश प्रेसने बसवून आतलं भोक नेमक्या मापाला आणायला रीमर मारला. मिस्त्रींनी पिनेला तेल लावून वरून सोडली तर ती स्वतःच्या वजनाने हळूहळू खाली उतरली, मध्ये कुठे अडली नाही. एवढं घट्ट हवं, याहून सैल नको. सोबत दोन्ही बाजूंचे टायरॉड एंड आणि आर्मचे रबरी बुश बदलले.

या रबरी बुशांबद्दल कळकळीने सांगतो. यांचे नट गाडी चारी चाकांवर उभी असतानाच शेवटचे आवळायचे. पूर्वी एका गॅरेजात आर्म लोंबकळत असताना आवळले होते. गाडी खाली उतरवल्यावर रबर कायमचं पिळलेलं राहिलं आणि पावसाळा संपायच्या आत फाटलं. पैसे गेलेच, पण त्या काळात मुलांना घेऊन कुंभार्ली घाट चढलो होतो, त्याची आठवण अजून बोचते.

यानंतर अलाइनमेंट घरीच केली. गवंड्याच्या लेव्हल पाइपने चारी चाकांखालची जमीन एका पातळीत आणली. पुढच्या चाकांखाली खताच्या दोन-दोन रिकाम्या पिशव्या, मध्ये ग्रीस, म्हणजे चाक जमिनीला न चिकटता मोकळं वळतं. दोन्ही अंगांना तंगूस (नायलॉनची दोरी) ताणला, गाडीच्या मध्यरेषेला समांतर, आणि तिथून रिमच्या पुढच्या-मागच्या कडा मोजल्या. टो-इन, म्हणजे चाकांची पुढची कडा आत झुकलेली असणं, एकूण 2 मिलिमीटर ठेवला. कॅम्बरसाठी, म्हणजे चाकाच्या उभ्या कलासाठी, ओळंबा. पद्मिनीच्या 14 इंची रिमच्या वरच्या-खालच्या कडांत 7 मिलिमीटरचा फरक म्हणजे साधारण 1 अंश. डावं चाक जास्त कललेलं होतं, ते आर्मच्या शाफ्टमागचे शिम (पातळ पत्रे) बदलून मिस्त्रींनी उजव्याच्या जोडीला आणलं. नंतर मशीनवर ताडून पाहिलं, टो तंतोतंत जुळला.

तेव्हापासून 8,200 किलोमीटर झाले. नव्या टायरच्या आतल्या आणि बाहेरच्या खाचेत अर्ध्या मिलिमीटरचाही फरक नाही. घाटातल्या वळणातून बाहेर पडताना स्टिअरिंग आपसूक सरळ होतं. बाबा सांगायचे ती पद्मिनी हीच, असं पहिल्यांदा वाटलं. रेडियल टायर घातले नाहीत, तरी फरक कळतो.

थोडी डावी ओढ आजही आहे, पण ती रस्त्याच्या उताराची. पाणी वाहून जावं म्हणून रस्ता कडेला उतरता असतो. आमच्या गावच्या सपाट मैदानावर हात सोडले तर गाडी नाकासमोर जाते.

सुटे भाग मात्र आत्ताच घेऊन ठेवा. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या पद्मिनी होत्या तोवर हे भाग सहज मिळायचे. ऑक्टोबर 2023 मध्ये शेवटच्या टॅक्सीही रस्त्यावरून गेल्या. मी किंगपिनचा एक जादा संच तेल लावून, मेणकापडात गुंडाळून माळ्यावर ठेवला आहे.

आता दर महिन्याला, आणि फेरीबोटीतून आलो की दुसऱ्याच दिवशी, गोड्या पाण्याने खालून धुतो. मग चाक उचलून, भार काढून ग्रीस मारतो. जुनं काळं ग्रीस बुशाच्या कडेने बाहेर येऊन नवं पिवळं दिसेपर्यंत गन सोडत नाही. गेल्या रविवारी डाव्या बाजूला ते तिसऱ्या दाबालाच दिसलं.