नाशिकमध्ये जेलरोडहून पाथर्डी फाट्याला घर हलवलं: पॅकर्सचा अनुभव, उन्हाळा उलटल्यावर

आधी निकाल सांगून टाकते: पाचात साडेतीन. सामान हलवण्याच्या दिवसाला मी साडेचार दिले असते. बाकीचा एक मार्क पुढच्या महिन्यांत गेला, म्हणूनच इतक्या उशिरा लिहितेय. तुळशीची लग्नं आटोपली आणि आम्ही घर हलवलं, आता जून लागलाय. शिफ्टिंगच्या दुसऱ्या दिवशी माणूस फक्त काय फुटलं एवढंच सांगू शकतो. काय सैल झालं, काय गळायला लागलं, कुठला स्क्रू परत बसलाच नाही, हे कळायला घर वापरावं लागतं.

कंपनीचं नाव देत नाही. कारण साधं आहे. या धंद्यात गाडी एकाची, पोरं दुसऱ्याची, सुतार तिसऱ्याचा आणि एसीवाला रोजंदारीवर बोलावलेला. आमच्याकडे आलेली माणसं तुमच्याकडे येतील याची खात्री नाही. त्यामुळे नावापेक्षा काय विचारायचं ते सांगितलेलं बरं.

आमचं जुनं घर जेलरोडला, तिसरा मजला, लिफ्ट नाही, जिन्याचं वळण असं की लोखंडी कपाट आडवं करूनच उतरवावं लागतं. नवं घर पाथर्डी फाट्याजवळ, सातवा मजला, लिफ्ट आहे पण चार माणसांची. टू बीएचके, आम्ही तिघं, आणि सासूबाईंचा पन्नास वर्षांचा संसार.

एका वेबसाइटवर नंबर टाकला आणि पाच मिनिटांत फोन सुरू झाले. एकाने तर "टू बीएचके ना? साडेसहा हजार, उद्याच गाडी लावतो" म्हणून मोकळं केलं. जिना किती, लिफ्ट आहे का, काही विचारलं नाही. असे स्वस्त दर गाडी भरल्यावर वाढतात, हे शेजारच्या काकूंच्या बाबतीत आमच्या डोळ्यांदेखत झालं होतं. सामान टेम्पोत, टेम्पो दारात, आणि "मॅडम, सामान जास्त निघालं, चार हजार वाढतील". त्या वेळी माणूस देतोच, करणार काय?

आम्ही ज्यांना काम दिलं त्यांचा माणूस घरी येऊन पाहून गेला. आल्या आल्या त्याने माळ्याकडे बोट दाखवलं आणि स्टूल मागितलं. तिथेच मला तो पटला. हॉलमधलं सामान सगळ्यांनाच दिसतं, अंदाज चुकतो तो माळ्यावर. दिवाळीचे आकाशकंदील, जुना कूलर, घंगाळं, परात, बाळंतविडा बांधलेल्या पेट्या, हे सगळं त्याने वहीत उतरवलं. दिवाणाचा बॉक्स उघडून पाहिला. गाडी गेटच्या आत येते का, नव्या सोसायटीत किती वाजेपर्यंत सामान चढवू देतात, हेही विचारलं. मग दर दिला: साडेचौदा हजार, वर 18 टक्के जीएसटी, एकूण 17,110. पॅकिंगचं सामान, एक आयशर, सुतार, चढवणं-उतरवणं सगळं धरून. एसी काढून परत बसवायचे वेगळे. हे सगळं व्हॉट्सॲपवर लिहून घेतलं आणि त्यात "यात वाढ नाही" हे वाक्यही टाकायला लावलं. ॲडव्हान्स दोन हजार, बाकी उतरवून झाल्यावर.

मग नेहमीचा प्रश्न आला: "बिल नको असेल तर जीएसटी सोडून देऊ." अडीच हजार वाचतात, मोह होतो. पण उद्या काही फुटलं तर हातात कागद हवा आणि तो कागद म्हणजे हेच बिल. आम्ही बिल घेतलं.

इन्शुरन्सचं मात्र नीट ऐका. सामानाच्या किमतीच्या तीन टक्के भरा, सगळं कव्हर होतं, असं सांगितलं. ह्यांनी विचारलं, पॉलिसी कुठल्या विमा कंपनीची, पॉलिसी नंबर मिळेल का? उत्तर आलं, "साहेब, आमचंच कव्हर असतं." म्हणजे विमा नाहीच, कंपनीने तोंडी दिलेला शब्द. विमा कंपनीचं सर्टिफिकेट हातात येत असेल तरच पैसे द्या. जेलरोड ते पाथर्डी फाट्यासाठी आम्ही नाहीच घेतलं. नाशिकहून पुण्याला वगैरे जाणार असाल तर खरी पॉलिसी घ्यावी असं माझं मत. आणि हो, बाहेरगावी जाताना कुणी "ई-वे बिलाचे वेगळे पैसे" मागितले तर देऊ नका. ई-वे बिल म्हणजे व्यापारी माल नेताना जीएसटीखाली काढायचा ऑनलाइन कागद. वापरलेल्या घरगुती सामानाला तो लागत नाही.

तयारीचा भाग थोडक्यात. शिफ्टिंगच्या आधी भंगारवाला आणि रद्दीवाला येऊन गेले, त्याने जवळजवळ एक खोली रिकामी झाली. पितृपक्ष आणि अमावास्या टाळून सगळेच एकाच आठवड्यात गाडी मागतात, महिनाअखेरीला भाडेकरूंची गर्दी, त्यामुळे आम्ही महिन्याच्या मधला मंगळवार धरला. सासूबाईंनी पंचांग पाहून मान डोलावली, दरही थोडा उतरला. गॅस एजन्सीत आधीच ट्रान्सफर टाकली. शहरातल्या शहरात एजन्सी बदलताना सिलिंडर आणि रेग्युलेटर परत द्यावे लागत नाहीत, पण भरलेला सिलिंडर पॅकर्स गाडीत घेत नाहीत, तो आपला आपण न्यायचा. दागिने, कागदपत्रं, रोकड, लोणच्याच्या बरण्या आणि देव आमच्या गाडीतून आले. फ्रिज आदल्या दिवशीच बंद करून दार उघडं ठेवलं, नाहीतर वाटेत पाणी गळून बाकीचे खोके भिजतात.

नव्या सोसायटीने शिफ्टिंगसाठी लेखी अर्ज, डिपॉझिट आणि लिफ्टला आतून पुठ्ठे लावायची अट घातली होती. हे आधी विचारून ठेवा. पोरं सामान घेऊन खाली उभी आणि वॉचमन वर सोडत नाही, असं चित्र मी दुसऱ्यांच्या बाबतीत नंतर गॅलरीतून पाहिलंय.

आता तो दिवस. पोरं सकाळी आठला आली, मुकादम सोडून सगळी विशी-पंचविशीतली. स्वयंपाकघरातला पॅकर खरंच कसबी होता. ताटं आडवी रचत नव्हता, उभी लावत होता, मधे कागद. मी कारण विचारलं तर म्हणाला, आडवी रचली की खड्ड्यात सगळा भार खालच्या ताटावर येतो, काचेचं असेल तर तेच आधी जातं. कप एकेक गुंडाळून खोक्याच्या तळाशी कागदाचे बोळे, वर बोळे, खोकं हलवून पाहायचा. आतून आवाज आला की परत उघडायचा. काचेचं एकही भांडं फुटलं नाही.

एका ठिकाणी मात्र ठिणगी पडली. जागा वाचवायला एका पोराने पितळी घंगाळात पाट्याचा वरवंटा ठेवला. सासूबाई खुर्चीवर बसून सगळं पाहत होत्या. म्हणाल्या, "अरे बाळा, ते घंगाळ माझ्या सासूबाईंचं आहे. त्यात दगड घालतोस?"

"आजी, मधे कापड घालतो ना."

"कापड नको. वरवंटाच काढ."

वरवंटा निघाला. मग त्या पोराला चहाही त्यांनीच दिला.

पार्टिकल बोर्डचं, म्हणजे भुसा दाबून केलेल्या फळ्यांचं, मोठं कपाट सुतारानं सोडवलं. त्याची पद्धत मला आवडली: प्रत्येक फळीवर मार्करने "डावी वर", "मधली खाली" असं लिहायचं, त्या फळीचे स्क्रू छोट्या पिशवीत भरून पिशवी तिथेच टेपने चिकटवायची. खोक्यांवर नंबर, प्रत्येक नंबरासमोर यादीत खोलीचं नाव, आणि यादीची एक प्रत आमच्याकडे. ही यादी मागून घ्याच. उतरवताना ह्यांनी दारात उभं राहून नंबर खोडले. शेवटी एक नंबर उरला. शोधलं तर तो खोका ड्रायव्हरच्या केबिनमध्ये सीटमागे निघाला. यादी नसती तर महिन्याभराने आठवलं असतं आणि तेव्हा तो कुणाचाच नसता.

गाडी कुठून नेणार, हा माझा मोठा प्रश्न होता. सिंहस्थाच्या कामांनी शहरातले रस्ते जागोजागी खोदलेले, आणि द्वारका चौकातल्या कोंडीचं तर नाशिककरांना सांगायला नको. ड्रायव्हरने बिटकोवरून विहितगाव, वडनेर करत थेट पाथर्डी फाटा गाठला. द्वारका, मुंबई नाका काहीच लागलं नाही. शहर माहीत असलेला ड्रायव्हर असणं ही गोष्ट कोटेशनमध्ये कुठे लिहिलेली नसते.

उतरवताना शोकेसची एक काच तडकलेली निघाली. मुकादमासमोरच पावतीवर लिहिलं, फोटो काढला, बिलातून बाराशे रुपये कमी झाले. वाद झाला नाही. संध्याकाळी दूध उतू घालायला गॅसही जोडलेला होता.

आता नंतरचं.

वॉशिंग मशीन फ्रंट लोडिंग आहे. अशा मशीनचा ड्रम हलू नये म्हणून मागून ट्रान्झिट बोल्ट लावायचे असतात, नवं मशीन येतं तेव्हा कंपनीचा माणूस ते काढून आपल्या हातात देतो. आमचे बोल्ट जपून ठेवलेले होते, पोरांना दिलेही. त्यांनी "तेवढ्यासाठी काय होतंय" म्हणून तसंच उचललं. पहिल्याच स्पिनला मशीन बाथरूमभर फिरायला लागलं. सर्व्हिसवाल्याने येऊन सस्पेन्शन नीट केलं, खर्च आमचा.

कपाट फेब्रुवारीपर्यंत छान होतं. मग एक दार खाली झुकायला लागलं. फळी पार्टिकल बोर्डची असली की एकदा काढलेला स्क्रू त्याच भोकात परत पूर्वीसारखा धरत नाही, भुसा सैल होतो. त्या दिवशी घट्ट वाटतं, पण दार रोज उघडून-मिटून महिन्या-दोन महिन्यांत बिजागरी सुटायला लागते. आमच्या ओळखीच्या सुतारानं भोकात फेविकॉल लावून आगपेटीच्या काड्या ठोकल्या, वाळू दिलं, मग स्क्रू बसवला. तेव्हापासून दार हललेलं नाही. पॅकर्सच्या सुताराने हे त्याच दिवशी करायला हवं होतं. फार तर अर्धा तास लागला असता. तुमचं कपाट असलं असेल तर जोडताना हे करून घ्या, उभं राहून करून घ्या.

एसीचं दुखणं सगळ्यात महाग. नोव्हेंबरात बसवला, नाशिकची थंडी, कोण लावणार? मार्चच्या शेवटी लावला तर नुसती हवा. मेकॅनिकने पाहिलं, तांब्याच्या पाइपचा नट नीट आवळलेला नव्हता, गॅस हळूहळू गेला होता. नट परत बसवून गॅस भरायला 2,800 गेले. पॅकर्सना फोन केला तर उत्तर: "मॅडम, एसीवाला बाहेरचा होता. आणि पावतीच्या मागे लिहिलंय, तक्रार 24 तासांत." पावतीच्या मागे खरंच बारीक अक्षरांत तसं छापलं होतं.

ह्यांनी तेव्हा जरा वाचलं. माल वाहून नेणाऱ्यांसाठी 2007चा कॅरेज बाय रोड ॲक्ट आहे. त्यात माल हरवल्याची किंवा खराब झाल्याची लेखी नोटीस द्यायला बुकिंगपासून 180 दिवसांची मुदत आहे. म्हणजे छापील 24 तास हा शेवटचा शब्द नाही. आम्ही एसीसाठी नोटिशीपर्यंत गेलो नाही, कारण एसीचं काम वाहतुकीचं की बसवणाऱ्याचं यावरच महिने गेले असते. पण हे ऐकवल्यावर आणि ग्राहक हेल्पलाइन 1915 चं नाव घेतल्यावर त्यांनी हजार रुपये परत पाठवले. तुमचं मोठं नुकसान असेल तर फोनवर भांडत बसू नका, लेखी पाठवा.

पुन्हा घर हलवायची वेळ आली तर याच पद्धतीचे, घरी येऊन माळा पाहणारे पॅकर्स घेईन. पण एसी काढायला आणि बसवायला कंपनीच्या सर्व्हिस सेंटरचा माणूस वेगळा बोलावेन, आणि बसवल्यावर थंडी असली तरी अर्धा तास चालवून पाहीन. फ्रंट लोडिंग मशीनला बोल्ट लागल्याशिवाय ते जिन्याला लागू देणार नाही.

सिडकोत किंवा सातपूरला वन आरके घेऊन राहणाऱ्या पोरांनी मात्र या भानगडीत पडू नये. गादी, कूलर, एक कपाट आणि चार गोण्या असतील तर छोटा हत्ती ठरवा, दोन मित्र बोलवा, पोहे-चहा खिलवा. पॅकर्सचे पैसे मोडजोड करायच्या फर्निचरसाठी आणि काचेच्या भांड्यांसाठी द्यायचे असतात. ज्यांच्याकडे दोन्ही नाही त्यांना ते परवडण्याचं कारणच नाही.

रिकामे खोके पोरं परत मागतात. ते पैसे कोटेशनमध्ये धरलेले असतात, म्हणजे खोके तुमचे. आम्ही चांगले पंधरा-वीस ठेवून घेतले, त्यातले निम्मे नणंदेच्या शिफ्टिंगला गेले, बाकीचे अजून माळ्यावर आहेत.