क्राऊनचा नट उघडलाच नाही, पैसे मात्र सात लिटर ऑइलचे

आधीच सांगतो, मी नवशिका नाही. अठरा वर्षं स्टेअरिंगवर आहे, त्यातली आठ स्वतःच्या पिकअपवर. इंजिनाचा आवाज बदलला तर झोपेतसुद्धा कळतो. म्हणूनच हे लिहायची लाज वाटत होती. दोन महिने गप्प बसलो. पण परवा गावातल्याच एकाने विचारलं, "दादा, हायवेवरच्या त्या गॅरेजात काम बरं करतात का?" तेव्हा म्हटलं, आता लिहायलाच हवं.

गॅरेजचं नाव टाकत नाही. तक्रारीची तयारी चालू आहे आणि वकील म्हणाले, लिखाणात नाव घेऊ नका. नारायणगावच्या बाजारातून टोमॅटो भरून वाशीला जाणाऱ्यांना नाशिक हायवे नवीन नाही. त्या पट्ट्यात रॅम्पवाली गॅरेजं भरपूर आहेत. त्यातलं एक.

माझी गाडी २०१७ ची. एप्रिलमध्ये मागच्या हौसिंगला (मागच्या चाकांमधली गिअरची लोखंडी पेटी), पिनियनच्या (शाफ्टने फिरणाऱ्या लहान गिअरच्या) सीलपाशी ऑइल पाझरताना दिसलं. थेंब पडत नव्हता, नुसता ओलावा. किलोमीटरही झाले होते, तेव्हा म्हटलं, सील बदलू, सोबत गिअरबॉक्सचं आणि क्राऊनचं ऑइलही बदलून टाकू. (डिफरन्शियलला, म्हणजे त्या पेटीतल्या गिअरांना, आम्ही क्राऊनच म्हणतो.) हे काम पूर्वी मी आणि वडील घरीच करायचो, खळ्याशेजारच्या खड्ड्यावर गाडी घेऊन. पण टोमॅटोचा सीझन, रात्री गाडी भरायची, पहाटे वाशी, दुपारी परत. तीन तासांची झोप मिळत होती. शिवाय गुडघ्याने कधीचाच राजीनामा दिलाय. त्या दिवसांत गाडीखाली शिरला असतात का, हे स्वतःला विचारा आणि मग मला हसा.

२४ एप्रिल २०२५, गुरुवार. मालक दारातच म्हणाला, "या शेठ, अर्ध्या तासात मोकळं करतो." इथेच पहिली घंटा वाजायला हवी होती. दोन्हीकडचं ऑइल बदलायचं आणि वर पिनियनचं सील. सील बदलायला मागचा शाफ्ट उतरवावा लागतो, फ्लँजचा, म्हणजे शाफ्ट जोडायच्या चकतीचा, नट खोलावा लागतो. अर्ध्या तासात? पण मला तेच ऐकायचं होतं. मी खुर्चीत बसलो, चहा आला, डोळा लागला.

उठलो तेव्हा पोरगं ट्रे घेऊन समोर उभं. काळंकुट्ट ऑइल. "बघा शेठ, काय घाण निघाली." मी बघितलं, मान हलवली, "बरं झालं बदललं" असंही म्हणालो. हे वाक्य आठवलं की अजून कानशिलं तापतात.

कारण त्या ट्रेला वास नव्हता.

ज्याने आयुष्यात एकदा तरी गिअर ऑइलला हात लावलाय त्याला मी काय म्हणतोय ते कळेल. गंधकाचा तो कुजका वास. साबणाने धुवा, राखेने घासा, दोन दिवस भाकरीलासुद्धा येतो. जुनं ऑइल असेल तर जास्तच. माझी आई मला आणि वडिलांना त्या दिवशी ओसरीवरच जेवायला वाढायची. आणि इथे माझ्या नाकाखाली लिटर-दीड लिटर "गिअर ऑइल" धरलेलं, आणि वास येतोय तो नुसत्या इंजिन ऑइलचा. कुणाच्या तरी गाडीचं काढलेलं, सकाळपासून येईल त्याला दाखवत असणार. पोराचे हात मनगटापर्यंत काळे होते, वर कोपरापर्यंत स्वच्छ. हौसिंगचा नट खोलणाऱ्याचा हात असा राहत नाही. हे सगळं डोळ्याला दिसत होतं. डोक्यापर्यंत पोचलं नाही.

फिल्टर पुसून परत बसवणं, पंपावर शून्य न दाखवता भरणं, न घातलेल्या ग्रीसचे पैसे लावणं, या युक्त्या तुम्हाला माहीत आहेत. मलाही होत्या. माहीत असणारा माणूस जास्त सहज फसतो, कारण त्याला वाटतं, आपल्याला कोण फसवणार.

बिल असं: गिअर ऑइल ७ लिटर, ५४० रुपयांनी ३,७८०. पिनियन सील ६५०. वॉशर वगैरे २२०. फ्लशिंग ९००. मजुरी १,४००. एकूण ६,९५०. सात लिटर! माझ्या गाडीत दोन्हीकडे मिळून पाच लिटरसुद्धा मावत नाही. गाडीचं पुस्तक डॅशबोर्डच्या कप्प्यातच होतं, हात लांब केला असता तर मिळालं असतं. आणि बिलावर नुसतं "गिअर ऑइल". कुठलं? गिअरबॉक्सला माझ्या पुस्तकात जीएल-४ या प्रतीचं ऑइल लिहिलंय, क्राऊनला जीएल-५ लागतं. डब्यावरचा ८०डब्ल्यू-९० हा जाडीचा आकडा दोन्हीला तोच असू शकतो, म्हणून एकच डबा दोन्हीकडे ओततात. क्राऊनमध्ये पिनियन मध्याच्या खाली बसतो, दात एकमेकांवर नुसते फिरत नाहीत, घसटतात. तिथे जीएल-५ मधलं जादा रसायन पाहिजेच. पण तेच रसायन गिअरबॉक्समधल्या पितळी सिंक्रो रिंगांना (गिअर टाकताना वेग जुळवणाऱ्या कड्यांना) खाऊ शकतं. बिलावर दोन वेगळे प्रकार, दोन वेगळ्या ओळी नसतील तर पैसे देऊ नका.

आता सर्वांत लाजिरवाणी गोष्ट. मालक म्हणाला, "पक्कं बिल हवं तर जीएसटी १८ टक्के वर लागेल." हिशोब केला, १,२५१ रुपये. म्हटलं, राहू द्या, साधी पावती चालेल. ५,००० फोनवरून दिले, १,९५० रोख. फोनचे पैसे गॅरेजच्या नावाने नाही, कुणा वेगळ्याच माणसाच्या खात्यावर गेले, हेही मी तेव्हा वाचलं. वाचून पुढचं बटण दाबलं. ते १,२५१ रुपये वाचवणं मला किती महाग पडलं, ते पुढे येईलच.

मे महिन्यात तिसरा गिअर टाकताना कचकच सुरू झाली. म्हटलं, क्लचचं काहीतरी असेल. जूनमध्ये साठच्या पुढे मागून हुंकार यायला लागला, पाय उचलला की बदलायचा. तेव्हाच कुणी जाणता गाडीखाली गेला असता तर नुसत्या बेअरिंगवर भागलं असतं. पण मी स्वतःला समजावत होतो, "आत्ताच तर ऑइल बदललंय." फसवणाऱ्याने माझे पैसे घेतले ते घेतले, वर माझी शंकाही काढून घेतली.

९ जुलैला ७० क्रेट टोमॅटो घेऊन माळशेज उतरत होतो. धो धो पाऊस, धबधब्याखाली हौशी लोकांची गर्दी. घाट उतरून टोकावड्याच्या पुढे गेलो आणि मागून असा आवाज झाला की जात्यात खडे घातलेत. गाडी जागेवर. दुसरी पिकअप बोलावून माल हलवला, तिला ४,०००. माझी गाडी टोइंगने परत आणली, ६,२००.

यावेळी जुन्या मिस्त्रींकडे नेली, वडिलांच्या ओळखीच्या. ते खाली शिरले आणि दोन मिनिटांत हाक मारली, "बाळा, इकडे ये. गुडघा दुखू दे, पण ये." टॉर्च धरला. दिवाळीत मी गाडीला खालून काळं कोटिंग मारून घेतलं होतं. ते कोटिंग हौसिंगवरून क्राऊनच्या ऑइल काढायच्या नटावर आणि परत हौसिंगवर, एकसंध. कुठे तडा नाही, पान्याची खूण नाही. त्या नटाला दिवाळीपासून कुणाचा हात लागलेला नव्हता. सील जुनंच, त्यावर धुळीचा थर. तेवढ्यातून झिरपत झिरपत ऑइल गेलं होतं. नट खोलला तर आत पेलाभर चिखल आणि नटाच्या चुंबकाला लोखंडाचे तुकडे. करड्या मलमासारखी बारीक भुकटी असेल तर घाबरायचं नसतं, ती नेहमीची झीज. बोटाला टोचणारे तुकडे आले की खेळ संपला.

गिअरबॉक्सचा नट मात्र उघडलेला होता. आतून पातळ, बिनवासाचं काहीतरी निघालं. बहुतेक वापरलेलं इंजिन ऑइल गाळून भरलेलं. मिस्त्री ते बोटांवर चोळत बसले आणि काहीच बोलले नाहीत. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

क्राऊन-पिनियन जोडीनेच घ्यावं लागतं, दोघांचे दात एकमेकांवर बसवलेले असतात. १४,८००. बेअरिंगं आणि सील ५,३५०. ऑइल, यावेळी दोन वेगळे सीलबंद डबे, माझ्यासमोर फोडलेले, १,९००. मजुरी ४,५००. टोइंग, दुसरी गाडी आणि ते ६,९५० धरून ४३,७०० रुपये. पाच दिवस गाडी उभी होती, त्याचा हिशोब लावतच नाही. जुनं क्राऊन-पिनियन भंगारात ३८० ला घातलं. तेवढे वजा करा. आणि तेही घालायला नको होतं, तो पुरावा होता! दोन दिवसांनी वकिलांनी विचारलं तेव्हा अक्कल आली. नशीब, मुलाने नटाचे, सीलचे फोटो नट खोलायच्या आधीच काढले होते. बायको एवढंच म्हणाली, "चप्पल घेताना शिलाई ओढून बघता."

मग सुरू झाल्या सरकारी वाऱ्या.

१२ जुलैला पोलीस ठाण्यात गेलो. साहेब वारीच्या बंदोबस्तावरून आलेले नाहीत. दुसऱ्या खेपेला, गॅरेज आमच्या हद्दीत आहे की नाही ते बघावं लागेल. हद्दीबाहेरचा गुन्हा असला तरी नोंदवून घेऊन पुढे पाठवायचा असतो, नव्या कायद्यात तर ते स्पष्ट लिहिलंय. मी हे म्हणालो, तर अंमलदार म्हणाले, "कायदा आम्हाला शिकवू नका." तिसऱ्या खेपेला, "ऑइल बदललं नाही हे सिद्ध कसं करणार?" फोटो दाखवले. "फोटो काय, कुठल्याही गाडीचे असतील." पावती दाखवली. "यावर ना जीएसटी नंबर, ना सही. पैसे तर भलत्याच माणसाला पाठवलेत." हे खरं होतं, आणि म्हणूनच जास्त झोंबलं. चौथ्या खेपेला सांगितलं, ही दिवाणी बाब आहे. फसवणुकीचं कलम चारशेवीसचं आता तीनशे अठरा झालं, पण "दिवाणी बाब" हे उत्तर काही बदललं नाही. साध्या अर्जाच्या प्रतीवर आवकचा शिक्का मारून घ्यायला पाऊण तास उभा राहिलो. तुम्ही गेलात तर तो शिक्का घेतल्याशिवाय हलू नका. बाकी काही मिळो न मिळो.

मध्येच कुणीतरी आरटीओला जा म्हणालं. तिथे खिडकीवरच्या बाईंनी वर न बघता सांगितलं, गॅरेजचं आमच्याकडे काही नसतं. गाडीचं फिटनेस असेल तर बोला.

१९१५ वर फोन केला, राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन. बोलणारी मुलगी चांगली होती, खोटं कशाला बोलू. तक्रार घेतली, क्रमांक दिला. तीन आठवड्यांनी मेसेज आला, समोरच्याकडून प्रतिसाद नाही, तक्रार बंद, ग्राहक आयोगाकडे जावे. प्रतिसाद नाही म्हणून तक्रार बंद! चोर दार उघडत नाही म्हणून चोरीच झाली नाही.

ग्राहक आयोगाच्या कार्यालयात तर कमालच. टेबलावरच्या माणसाने गाडीचे कागद बघितले. "पिवळी पाटी आहे. व्यावसायिक वापर. तुम्ही ग्राहकच नाही." मी परत फिरलो, पायऱ्या उतरलो, गाडीत बसलो. हा माझा दुसरा मूर्खपणा. वकिलांनी कायदा काढून दाखवला. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात व्याख्येखालीच स्पष्टीकरण आहे की स्वतःच्या उपजीविकेसाठी, स्वयंरोजगारासाठी केलेला वापर हा व्यावसायिक वापर धरत नाहीत. माझी एकच गाडी, मीच चालवतो, ड्रायव्हर ठेवलेला नाही. मग मी ग्राहक नाही तर कोण? पाच लाखांपर्यंत फी शून्य, मुदत दोन वर्षं, हे त्या टेबलावर कुणी सांगितलं नाही. पिवळ्या पाटीचं सांगून परत पाठवलं तर "हे लेखी द्या" म्हणा. माझ्यासमोर एका रिक्षावाल्यालाही तेच ऐकवत होते, आणि तोही माझ्यासारखाच मान खाली घालून निघाला.

कामाबद्दल लिहायचं राहिलं. ऑइल काढायच्या आधी वरचा भरायचा नट खोलायला लावा. तो जाम असेल आणि खालचा आधी सोडला तर गाडी कोरडी होऊन तिथेच बसेल. गाडी सपाट उभी हवी, आणि नवं ऑइल भरायच्या भोकाच्या काठाशी आलं की बास. ते स्वतःच्या बोटाने बघा. कामाच्या आधी दोन्ही नटांवर खडूची रेघ ओढा, एक रुपया लागत नाही. रिकामे डबे मागून घ्या, आणि तुमचे म्हणून फोडले असतील तर टोपणं तिथेच तोडा, नाहीतर त्यांत उद्या दुसऱ्याचं ऑइल भरतील. चहा घेऊ नका. म्हणजे घ्या, पण रॅम्पखाली उभं राहून घ्या.

गॅरेज अजून सुरू आहे. पावतीवरचा फोन लागत नाही. समोर गेलो होतो एकदा, मालक हसून म्हणाला, "शेठ, तीन महिने झाले, आता काय आठवतं?" मुलगा सोबत होता म्हणून परतलो.

तक्रार पुढच्या सोमवारी दाखल करायची आहे. वकील म्हणाले, फोटो रंगीत छापून जोडा. नऊ फोटो आहेत. तालुक्याला रंगीत प्रिंटचे २० रुपये घेतात, म्हणजे १८० रुपये. तेही त्याच हिशोबात धरा.