थ्रॉटलचा दांडा जागेवर राहत नव्हता : दुरुस्तीनंतरच्या आठ महिन्यांचा अनुभव

माझ्या बोटीला कार्बोरेटरचे आउटबोर्ड, म्हणजे बोटीच्या मागे बाहेरून बसवलेले, इंजिन आहे आणि चालकाच्या उजव्या हाताला बाजूच्या भिंतीवर एकाच दांड्याचा कंट्रोल बॉक्स बसवलेला आहे, म्हणजे गियर आणि थ्रॉटल (इंजिनाचा वेग कमी-जास्त करणारी झडप) दोन्ही त्याच दांड्यावर चालतात. मागच्या हंगामात या दांड्याने जागा सोडायला सुरुवात केली. मिनिटाला ३५०० फेऱ्यांवर इंजिन स्थिर करून हात काढला की काही मिनिटांतच फेरे ३००० च्या आसपास उतरत, आणि लाटांचे धक्के बसत असतील तर त्याहूनही लवकर. एका हाताने स्टिअरिंग आणि दुसऱ्या हाताने दांडा सतत धरून ठेवणे थकवणारे तर आहेच, पण दोर सोडायचा किंवा कुणाला आधार द्यायचा प्रसंग आला तर हात मोकळा नसणे धोक्याचेही आहे. दुरुस्ती करून आता आठ महिने झाले आहेत, आणि या काळात इंजिन साधारण १३० तास चालले आहे.

दांडा मागे का सरकतो, हे आधी नीट समजून घेणे मला फार आवश्यक वाटते. कार्बोरेटरवरची स्प्रिंग थ्रॉटल नेहमी बंद स्थितीकडे ओढत असते आणि ती तशी ओढणे योग्यच आहे, कारण केबल निसटली तर इंजिनाचा वेग आपोआप खाली यावा हीच त्यामागची सोय आहे. या ओढीला आणि इंजिनाच्या कंपनांना रोखून धरण्याचे काम बॉक्समधील घर्षणाचा तुकडा करतो, जो एका स्क्रूने दांड्याच्या फिरत्या भागावर दाबला जातो. माझ्या बॉक्सचा स्क्रू उजवीकडे फिरवला की दांडा जड होतो, डावीकडे फिरवला की हलका होतो.

पहिला उपाय म्हणून मी तो स्क्रूच अर्धा फेरा आवळला, आणि तेवढ्यावर समाधान मानले ही चूक झाली. तीन आठवड्यांत दांडा पुन्हा घसरू लागला. मी आणखी आवळला, तेव्हा तो जागेवर राहिला खरा, पण धक्क्याला लागताना घाईने मागे खेचायला गेलो तर त्याला दोन्ही हातांचा जोर लावावा लागला. हलत्या बोटीवर असा जड दांडा सैल दांड्यापेक्षाही वाईट, असे माझे ठाम मत झाले आहे.

त्यानंतर मी इंजिन बंद करून, चावी काढून घेऊन, थ्रॉटलची केबल इंजिनाच्या टोकाला सोडवली आणि कार्बोरेटर, केबल व दांडा हे तिन्ही भाग वेगवेगळे तपासले. या तपासणीला पंधरा मिनिटेही लागली नाहीत, आणि सगळ्या दुरुस्तीत सर्वांत उपयोगी ठरली ती हीच. कार्बोरेटरचा हात, म्हणजे केबल जिला जोडलेली असते ती थ्रॉटलची छोटी पट्टी, बोटाने उघडून सोडला की तो झटकन थांब्यावर परत येत होता, म्हणजे इंजिनाकडे दोष नव्हता. सुटी केबल हाताने पुढे-मागे केली तेव्हा ती मधेच अडत होती आणि आत वाळू असल्यासारखी खरखर जाणवत होती. केबलचा भार नसतानाही दांडा मात्र ढिलाच होता. दोष दोन ठिकाणी होते, आणि मी स्क्रू आवळून ते दोन्ही झाकत होतो.

बॉक्स उघडल्यावर घर्षणाचा तुकडा गुळगुळीत झालेला आणि ग्रीसने माखलेला दिसला. आदल्या वर्षी सांध्यांना ग्रीस लावताना मी ते त्याच्यावरही जाऊ दिले होते. गियरच्या दात्यांना आणि सांध्यांना ग्रीस हवेच, पण या तुकड्याला आणि तो ज्या पृष्ठभागावर घासतो त्याला मुळीच नको. मी तो पृष्ठभाग आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून कोरडा केला आणि तुकडा नवा बसवला. केबलमध्ये तेल सोडण्याचा सल्ला अनेक जण देतात, परंतु आतून प्लास्टिकचे अस्तर असलेली बंद केबल एकदा खरखरू लागली की ती बदलावी, असेच मी सांगेन. नवी केबल जुन्या केबलवर छापलेल्या लांबीचीच घेतली आणि बसवताना कोणतेही वळण २० सेंटिमीटर त्रिज्येपेक्षा आवळ होणार नाही याची काळजी घेतली. जुन्या केबलला बॉक्सच्या मागेच एक तीव्र वळण होते, आणि ती तिथेच अडत होती.

जोडणी करताना दांडा न्यूट्रलमध्ये असताना कार्बोरेटरचा हात थांब्यावर पूर्ण टेकतो का आणि दांडा शेवटपर्यंत पुढे नेल्यावर थ्रॉटल पूर्ण उघडते का, हे दोन्ही पाहिले. इंजिन बंद असताना दांडा गियरमध्ये टाकायचा असेल तर सोबत्याला इंजिनाचा पंखा (प्रोपेलर) हाताने फिरवायला सांगावे, नाहीतर गियर अडतो आणि आपण उगाच केबलवर जोर देत बसतो. स्क्रू शेवटी इतकाच आवळला की इंजिन चालू असताना दांडा जागचा हलू नये, पण एका हाताने एका झटक्यात मागे यावा.

या आठ महिन्यांत फेरे ठरवलेल्या जागेवर राहिले आहेत. नवा तुकडा बसत गेला तसा तिसऱ्या महिन्यात स्क्रू पाव फेरा आवळावा लागला, त्यानंतर हात लावलेला नाही. खवळलेल्या पाण्यात पूर्ण वेगाच्या जवळ दांडा अजूनही किंचित मागे येतो, पण तिथे हात दांड्यावरच असायला हवा, म्हणून मी स्क्रू अधिक आवळत नाही. दांडा जागेवर राहू लागला म्हणून इंजिन बंद करणारी सुरक्षादोरी अंगाला न लावता बसण्याची ढिलाई मात्र कुणीही करू नये.

तक्रार एकच आहे : माझ्या बॉक्सचा स्क्रू भिंतीकडच्या बाजूला आहे, त्यामुळे पाव फेऱ्यासाठीही पूर्ण बॉक्स सोडवावा लागतो. गियरची केबल जुन्या थ्रॉटल केबलच्याच वयाची आहे आणि तिचे वळणही त्याच जागी आहे. ती अजून अडत नाही, तरीही बोट पाण्याबाहेर काढली की बॉक्स पुन्हा उघडून तीही बदलणार आहे.