सिक्स्थ फॉर्म: इंडिपेंडंट शाळेतच राहायचं की कॉलेजला जायचं?

इंग्लंडमध्ये ज्यांची मुलं इंडिपेंडंट, म्हणजे फी भरून शिकायच्या खासगी शाळेत आहेत, त्यांच्या घरी इयर इलेव्हनच्या (आपल्या दहावीच्या वयाच्या) सुमाराला एक चर्चा हमखास सुरू होते: सोळा ते अठरा ही पुढची दोन वर्षं त्याच शाळेच्या सिक्स्थ फॉर्ममध्ये काढायची, की सरकारी सिक्स्थ फॉर्म कॉलेजला जायचं? आमच्याकडे दोन्ही झालं. मुलगा शाळेतच राहिला आणि 2024 मध्ये ए-लेव्हल (सिक्स्थ फॉर्मच्या शेवटची परीक्षा) देऊन बाहेर पडला. मुलगी सप्टेंबर 2025 मध्ये कॉलेजला गेली. ओळखीचे मराठी पालक विचारतात तेव्हा मी जे सांगतो, तेच इथे जरा सविस्तर लिहितो.

फी आणि निकालांच्या याद्या बाजूला ठेवू. जानेवारी 2025 पासून फीवर 20 टक्के व्हॅट आला, तो आम्हालाही जाणवला. पण नुसता पैशाचाच प्रश्न असता तर आम्ही ओढाताण करून जुळवलं असतं. विषय तेच तीन, ईपीक्यू (स्वतंत्र संशोधनाचा प्रकल्प) दोन्हीकडे करता येतो, अभ्यासाचं ओझंही तेवढंच. फरक पडतो तो अठराव्या वर्षी दाराबाहेर पडणारं मूल किती तयार झालेलं असतं, यात.

शाळेची बाजू आधी सांगतो, कारण ती खरोखर भक्कम आहे. मुलाच्या फिजिक्सच्या वर्गात दहा-बारा जण होते आणि शिक्षक त्याला इयर सेव्हनपासून, म्हणजे अकराव्या वर्षापासून ओळखत होते. युनिव्हर्सिटी प्रवेशाच्या यूकॅस अर्जासोबत जाणाऱ्या शिफारशीत हे उतरतं. ज्यांना मेडिसिन किंवा ऑक्सफर्ड-केंब्रिजला अर्ज करायचा असतो त्यांची मुदत 15 ऑक्टोबरलाच संपते. अशा मुलांना शाळा उन्हाळ्याच्या आधीपासून हाताशी धरते, मुलाखतींचा सराव करून घेते. टॅक्स कोड, स्टुडंट लोन, भाड्याचा करार यांवर व्याख्यानं झाली, स्वयंपाकाचे वर्गही झाले. मुलगा त्यातून डाळ-भाताच्या पलीकडचं काहीबाही करायला शिकला, याचा मला आनंदच आहे.

पण शाळेने त्याला दिलेली सगळ्यात मोठी गोष्ट वेगळीच होती. प्रीफेक्ट (लहान मुलांकडे लक्ष देणारा मोठा विद्यार्थी) म्हणून त्याच्याकडे इयर सेव्हनची काही मुलं सोपवली होती. त्यातला एक जेवणाच्या सुट्टीत कायम एकटा बसायचा. मुलगा आठवड्यातून एकदा त्याच्यासोबत जेवायला लागला, मग त्याला बुद्धिबळाच्या क्लबात घेऊन गेला. आपल्यापेक्षा लहान कोणीतरी आपल्या भरवशावर आहे, ही जाणीव सतराव्या वर्षी फार मोलाची. कॉलेजमध्ये हे घडू शकत नाही, कारण तिथे बहुतेक सगळे सोळा ते अठरा याच वयाचे. या एका मुद्द्यावर माझं मत आजही शाळेच्या बाजूने आहे.

मला खटकत राहिलं ते एकच, पण ते दोन वर्षं रोज खटकलं. मुलाचं सगळं माझ्या फोनवरून चालायचं. निबंध एक दिवस उशिरा दिला, अ‍ॅपवर सूचना मला. स्टडी पिरियडला सही करायला उशीर झाला, सूचना मला. सहलीचा फॉर्म राहिला, आठवण मला. मग संध्याकाळी मी त्याला विचारायचो, तो म्हणायचा, ‘हो बाबा, करतो,’ आणि आमचं बोलणं बरेचदा तेवढ्यावरच संपायचं.

त्याचा वाढदिवस सप्टेंबरचा, त्यामुळे इयर थर्टीनच्या, म्हणजे शेवटच्या वर्षाच्या सुरुवातीलाच त्याला अठरा पूर्ण झाली. 2 मे 2024 ला स्थानिक निवडणुकीत त्याने पहिल्यांदा मत दिलं. (कॉमनवेल्थ देशाचे नागरिक म्हणून भारतीय पासपोर्टवाल्यांनाही इथे राहत असल्यास मत देता येतं, आपल्यातल्या पुष्कळांना हे माहीत नसतं.) त्याच आठवड्यात त्याला दुपारी डेंटिस्टकडे जायचं होतं. त्याने स्वतः ऑफिसला ईमेल केली, ती चालली नाही. वडिलांची लागेल म्हणाले. ऑफिसमधल्या बाई अत्यंत सौजन्याने बोलल्या. मुलांच्या सुरक्षिततेची जबाबदारी शाळेवर असते, हे मला मान्य आहे. शिवाय फी भरणारे पालकच बारीकसारीक माहिती मागतात, हेही खरं. तरीही मत देऊ शकणाऱ्या मुलासाठी मी रजेची चिठ्ठी लिहीत होतो. तो इयर सेव्हनच्या मुलांची जबाबदारी उत्तम सांभाळत होता आणि त्याची स्वतःची मात्र मी सांभाळत होतो. युनिव्हर्सिटीत गेल्यावर जीपीकडे (तिथल्या डॉक्टरकडे) नाव नोंदवायचं होतं, तेव्हाही त्याने आधी मला फोन केला.

मुलीच्या वेळी दोन्हीकडच्या ओपन इव्हनिंगला मी याच नजरेने गेलो.

कॉलेजमध्ये युनिफॉर्म नाही, शिक्षकांना पहिल्या नावाने हाक, गळ्यात ओळखपत्र, मधले तास मोकळे. आपल्यापैकी जे महाराष्ट्रात शिकले त्यांना हे ओळखीचं वाटेल. दहावीनंतर आपण शाळा सोडून ज्युनिअर कॉलेजला गेलोच की. आणि त्यामुळेच आपल्याला भीतीही वाटते: तास बुडवणं, भरकटणं. ती अगदीच निराधार नाही. पहिली हाफ-टर्म मुलीला जड गेली. वर्गात वीसेक जण, ओळखीचं कोणी नाही, मधल्या दोन तासांचं काय करायचं कळेना. जे मूल गप्प राहून मागे पडतं, त्याच्याकडे इथे लक्ष जायला वेळ लागू शकतो.

पण सप्टेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात तिला इकॉनॉमिक्स नको, जिऑग्राफी हवं असं वाटलं. ती ट्यूटरला भेटली, फॉर्म भरला, जिऑग्राफीच्या शिक्षकांशी बोलून राहिलेल्या नोट्स घेतल्या. आम्हाला जेवताना कळलं, तेही सगळं झाल्यावर. हजेरी फारच घसरली तर कॉलेजही घरी कळवतं, पण आधी तिलाच विचारतं. शनिवारी ती बेकरीत काम करते. मुलाला शनिवारच्या मॅचेसमुळे ते जमलं नव्हतं. तिची पेस्लिप आली तेव्हा कपात का झाली हे तिने मला समजावून सांगितलं.

दोन मुलांवरून नियम काढू नये, स्वभावही वेगळे असतात. तुमच्या मुलाला मेडिसिनला जायचं असेल, किंवा त्याला पाठीशी कोणीतरी लागत असेल, तर शाळेत राहणंच बरं असं मी म्हणेन. सरकारी कॉलेजमधून ऑक्सब्रिजला (ऑक्सफर्ड-केंब्रिजला) सोपं जाईल म्हणून मात्र कॉलेजला पाठवू नका. जीसीएसई (इयर इलेव्हनची परीक्षा) कुठल्या शाळेतून दिली हेही त्या युनिव्हर्सिट्या पाहतात. पण मूल बरं चाललंय, फक्त त्याचं प्रत्येक काम तुमच्यामार्फत होतंय असं वाटत असेल, तर माझा कल कॉलेजकडे आहे.

दोन्ही ठिकाणी गेलात की तिथल्या ट्यूटरला एवढं विचारा: ‘माझ्या मुलाने एखादं काम चुकवलं तर पहिला निरोप कोणाला जातो?’ आणि शाळेचा करार आधी वाचा. बहुतेक इंडिपेंडंट शाळांना सोडण्याआधी एका टर्मची लेखी सूचना लागते, नाहीतर त्या टर्मची फी भरावी लागते. जीसीएसईचा निकाल ऑगस्टमध्ये लागतो, म्हणजे तोवर ती मुदत उलटून गेलेली असते. कॉलेजचा अर्ज इयर इलेव्हनच्या शरद ऋतूतच करून ठेवा आणि शाळेला काय कळवायचं ते ईस्टरच्या सुट्टीआधी ठरवा.