ऑनिंगचं कापड बदलून देतो म्हणणारा आला तर आधी वजनकाटा काढा

वरोरा, भद्रावती, हिंगणघाट, उमरेड या पट्ट्यात ज्यांच्याकडे कॅम्पर किंवा कॅरॅव्हॅन आहे, नाहीतर चहानाश्त्याची गाडी आहे आणि तिच्या बाजूला गुंडाळायचं ऑनिंग (सावलीसाठी बाहेर ओढायचं कापडी छत) बसवलेलं आहे, त्यांनी हे वाचाच, कारण एक माणूस पांढरी पिकअप घेऊन फिरून राहिला, कापड बदलून देतो म्हणतो, आणि लोकांना घाई असते तेव्हाच बरोबर उगवतो.

आमची गाडी म्हणजे जुनी टेम्पो ट्रॅव्हलर, भाऊजींनी आणि मी मिळून कॅरॅव्हॅन करून घेतलेली, २०२१ मध्ये राज्याचं कॅरॅव्हॅन पर्यटनाचं धोरण आलं तेव्हापासून डोक्यात होतं ते. ताडोब्याला येणाऱ्या फॅमिल्या घेतात भाड्याने, जास्त करून मोहर्ली गेटकडे जाणाऱ्या. ऑनिंगचा रोलर, स्प्रिंग, दोन्ही बाजूचे हात (कापड तोलून धरणाऱ्या दांड्या) सगळं ठणठणीत, फक्त कापड गेलं होतं. आपल्याकडचं ऊन माहीतच आहे, मे महिन्यात ४६-४७ पर्यंत पारा जातो, त्यात ऑनिंगचं व्हिनाइल (प्लास्टिकचं कापड) कडक होतं आणि जिथे जिथे घडी पडते तिथे चिरत जातं. ताडोब्याचा कोअर, म्हणजे जंगलाचा आतला भाग, १ ऑक्टोबरला उघडतो, पोळा होऊन गेलेला, म्हणजे वेळ कमीच होता.

हा आला तो सॅम्पल घेऊन. वहीएवढा हिरवा तुकडा, जाड, दोन्हीकडून कोटिंग. अंगणात खुर्ची टाकून बसला आणि भाऊजींच्या हातात तुकडा देऊन म्हणे, "भाऊ, दाताने फाडून दाखवा, फाटला तर आख्खं काम फुकट." भाऊजींनी खरंच दात लावले, काही झालं नाही. मग त्याच्यावर पाणी ओतलं, खालून कोरडा. काडी लावून दाखवली, काडी काढल्याबरोबर विझला. म्हणे ६८० जीएसएमचं (जीएसएम म्हणजे कापडाच्या वजनाचं माप) पीव्हीसी कोटेड आहे, पाच वर्षं बघायचं काम नाही, २२० रुपये स्क्वेअर फूट. आणि सगळं दाखवून झाल्यावर तुकडा घडी करून खिशात! "एकच आहे भाऊ, पुढच्या गिऱ्हाइकाला दाखवा लागते." सगळा खेळ या खिशात गेलेल्या तुकड्याचा आहे, तो माल खराच असतो, फक्त गाडीवर तो येत नाही.

माप त्याने ऑनिंगच्या एका हातापासून दुसऱ्या हातापर्यंत घेतलं. कापड तेवढं रुंद नसतंच, दोन्हीकडून काही इंच आत असतं, पण पैसे पूर्ण मापाचे लावले. साडेचोवीस हजार झाले, पंधरा ॲडव्हान्स.

बसवायला आला तेव्हा सोबत एक पोरगं. इथे एक सांगतो, कोणी स्वतः करायला जात असेल तर त्याच्यासाठी: रोलरच्या टोकाला आतमध्ये पिळलेली स्प्रिंग असते, ती पिन घालून लॉक केल्याशिवाय टोकाचे बोल्ट काढायचे नाहीत, नाहीतर ती एकदम सुटते आणि हाताची बोटं, मनगट काही राहत नाही. त्या पोराला याने पिन न घालताच स्क्रू खोलायला लावले, बाबा धावत गेले म्हणून वाचला तो. एवढ्यावरून माणूस कळतो खरं तर. कापड बसलं, पण ऑनिंग वर गुंडाळेना, अर्ध्यात लोंबून राहायचं. म्हणे स्प्रिंग गेली, चार हजार वेगळे लागतील, नवी आणली. नवी म्हणून जी लावली ती आमचीच जुनी स्प्रिंग होती, रंग मारलेली, आणि तिला आधीसारखे पीळच दिले नव्हते. नंतर वरोऱ्याच्या एका मिस्त्रीने तिला चार-दोन आटे जास्त दिले, झालं, गपकन वर गेलं. त्याने पैसेही घेतले नाहीत, चहा पिऊन गेला.

दिवाळीच्या आधी एक फॅमिली गाडी घेऊन गेली आणि थोडा वारा काय आला, कापड गाडीच्या बाजूने सरळ रेषेत फाटलं. वरचा काठ आत दोरी घालून शिवतात आणि गाडीवरच्या ॲल्युमिनियमच्या चॅनलमध्ये सरकवतात, सगळा ताण त्या काठावर असतो. आम्ही चॅनलमधून काठ बाहेर ओढला, शिवण उसवली, तर आत पांढरी फ्लेक्सची पट्टी निघाली आणि तिच्यावर लाल अक्षरात "हार्दि". कोणाच्यातरी वाढदिवसाचं बॅनर कापून पट्टी केलेली! जिथे ताण सगळ्यात जास्त तिथेच हा माल, कारण तिथे कोणी बघत नाही. आणि बाकीचं हिरवं कापड? कापलेल्या कडेला भिंगाने नाही, नुसत्या डोळ्याने पाहा, मधून विरळ जाळी आणि वरून-खालून प्लास्टिकची पातळ फिल्म. ते फ्लेक्सच, फक्त रंगीत.

मग भाऊजींना सुचलं ते मात्र मानावं लागेल. जीएसएम म्हणजे एका चौरस मीटरचं वजन, ग्रॅममध्ये. आमचं कापड चार बाय अडीच मीटर, म्हणजे दहा चौरस मीटर, ६८० चं असेल तर पावणेसात किलोच्या वर भरायला पाहिजे. कृषी केंद्रात नेऊन काट्यावर टाकलं, भरलं सव्वातीन. दुकानदाराच्या लेटरपॅडवर वजन लिहून सही-शिक्का घेतला. (अ‍ॅक्रिलिकचं ऑनिंग असतं ते मुळात ३०० च्या आसपासच असतं, हलकं म्हणून ते खोटं असं नाही. त्याने जेवढं सांगितलं तेवढं भरतं का, एवढंच बघायचं. अ‍ॅक्रिलिकचा रंग दोन्ही बाजूने सारखा असतो, धागाच रंगीत असतो.)

बिल म्हणून जो कागद दिला होता त्याच्यावर बारीक अक्षरात "कोटेशन" होतं आणि वर जीएसटी नंबर, महाराष्ट्राच्या २७ पासून सुरू होणारा, दिसायला एकदम बरोबर. जीएसटीच्या साईटवर लॉगिन न करता कोणताही नंबर टाकून बघता येतो, टाकला तर भलत्याच धंद्याचं नाव आणि नोंदणी रद्द झालेली. हे दोन मिनिटांचं काम आहे, ॲडव्हान्स द्यायच्या आधी करा. आणि सॅम्पलचा अर्धा तुकडा कापून, त्याच्यावर त्याची सही घेऊन आपल्याकडे ठेवा, नाही म्हणाला तर चहा पाजून वाटेला लावा.

आम्ही आधी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ वर फोन करून तक्रार नोंदवली, मग जिल्हा ग्राहक आयोगात ऑनलाइन टाकली, पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे फी लागत नाही. वजनाची चिठ्ठी, कोटेशन, पैसे पाठवल्याचे स्क्रीनशॉट, सगळं लावलं. नोटीस गेल्यावर त्याचा बंद पडलेला नंबर चालू झाला, भाऊजींना फोन, "भाऊ, अर्धे वापस करतो, केस मागं घ्या न." नाही म्हटलं. माय म्हणत होती फाटकं तर फाटकं, सोयाबीनच्या ढिगावर तरी टाका, पण ते पुरावा आहे म्हणून पोत्यात बांधून ठेवलंय, आणि गाडीवर सध्या नागपूरहून पक्क्या बिलाने आणलेलं कापड आहे, ते आम्ही दुकानातच काट्यावर टाकून घेतलं.